लिथियम शोधायची लेझर गन: मशीन झकास, लायसन्सचा ताप

आमच्या नागपूरच्या छोट्या एक्सप्लोरेशन कंपनीने हँडहेल्ड लिब्स (लेझर मारून दगडात कुठलं मूलद्रव्य आहे ते सांगणारी हातातली गन) अॅनालायझर घेतला, म्हणजे गन विकत आणि तिच्या आतलं लिथियमचं कॅलिब्रेशन, म्हणजे सिग्नलवरून टक्केवारी काढायचं गणित, वर्षाच्या लायसन्सवर. छत्तीसगडमधल्या पेग्मटाइटवर (मोठमोठ्या स्फटिकांचा ग्रॅनाइटसारखा खडक, लिथियम यात सापडतो) अख्खा सीझन वापरून झालाय, दोन-तीन जण विचारत होते म्हणून लिहितोय. ब्रँडचं नाव टाकत नाही, उगाच वाद नको.

पहिला प्रश्न सगळे हाच विचारतात की एक्सआरएफ गन (एक्स-रे मारून मूलद्रव्यं ओळखणारी) असताना ही कशाला. अहो एक्सआरएफला लिथियम दिसतच नाही. अणुक्रमांक 3, त्याचे एक्स-रे इतके कमजोर की डिटेक्टरपर्यंत पोचायच्या आधीच हवेत आणि खिडकीत जिरून जातात. म्हणून इतकी वर्षं आपण पोटॅशियम-रुबिडियमचा रेशो बघायचो, तो घसरला की इथे काहीतरी असणार म्हणून सॅम्पल लॅबला पाठवायचे आणि बसायचं वाट बघत. लिब्समध्ये लेझरचा ठोका बसतो, दगडाचा कणभर भाग प्लाझ्मा होतो आणि त्या उजेडात लिथियमची लाल रेषा 670.8 नॅनोमीटरला दिसते. मंगळावर क्युरिऑसिटी रोव्हर 2012 पासून हेच तंत्र वापरतंय. आणि एक्स-रे नसल्यामुळे एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) नोंदणीची भानगडच नाही, फक्त गॉगल लावा, आमची पोरं फोटो काढायला गॉगल कपाळावर चढवतात आणि तसंच ट्रिगर दाबतात, ओरडून ओरडून घसा बसला माझा.

मशीन म्हणून खरंच भारी आहे. ट्रेंचमध्ये उभ्या उभ्या काही सेकंदात कळतं की ही शीर खोदायची की सोडायची. पण एका शॉटवर भाळू नका. जांभळट अभ्रक म्हणजे लेपिडोलाइट असलेला एक दगड होता, अभ्रकावर मारलं तर आकडा बघून सगळे नाचायला लागले, बोटभर बाजूला फेल्डस्पारवर मारलं तर जवळपास काहीच नाही. लेझरचा ठिपका केसाएवढा, तो ज्या खनिजावर पडला त्याचंच सांगणार ना. ग्रिड करून भरपूर शॉट घ्या, नाहीतर दगड कुटून, त्या पुडीची गोळी दाबून मग मारा. झिजलेल्या पृष्ठभागावर पण मारू नका, स्पोड्युमिन (लिथियमचं दुसरं खनिज) सडून माती होताना लिथियम वाहून जातो, हातोडीने ताजा तुकडा काढा. आणि गनला लागणाऱ्या आर्गॉन वायूची कार्ट्रिज आम्ही रस्त्यानेच पाठवतो, तो वेळ आधीच धरा.

आता खरं दुखणं. गनमधलं कॅलिब्रेशन स्पोड्युमिनवर केलेलं, आमच्याकडे निघाला लेपिडोलाइट. सोडियम पेरॉक्साइड फ्यूजन करून (दगड पूर्ण वितळवून) आयसीपी मशीनवर तपासलेल्या लॅबच्या आकड्यांशी ताडून बघितलं तर कमी ग्रेडला (लिथियमचं प्रमाण कमी असताना) ठीक जुळतंय पण ग्रेड वाढला की गन कमी दाखवते. याचं कारण पुस्तकातलंच आहे, लिथियम जास्त झाला की 670.8 ची रेषा स्वतःचाच उजेड शोषून घेते, मग 610.4 ची रेषा वापरावी लागते. म्हटलं आपणच आपल्या सॅम्पलवर कॅलिब्रेशनचा कर्व्ह बनवू, तर रॉ स्पेक्ट्रा (गनने टिपलेल्या उजेडाचा मूळ डेटा) लॉक! फोन केला तर, 'सर, ते अॅडव्हान्स्ड मॉड्युलमध्ये येतं.' म्हणजे दगड आमचा, लॅबचा खर्च आमचा, आणि कर्व्ह यांचा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, इथे तर कोंबडीसुद्धा बारा आण्याचीच आहे.

त्यात लायसन्सला अधूनमधून ऑनलाइन व्हेरिफिकेशन लागतं. आमच्या ब्लॉकवर (शोधाची जागा) नेटवर्क नाही, एक दिवस स्क्रीनवर 'लायसन्स इनव्हॅलिड' आणि गन मुकी. ड्रायव्हर गन घेऊन गाडीने टेकडीवर गेला, हॉटस्पॉट लावून चालू करून आणली, तोवर मजूर झाडाखाली बसून. विकताना हे कोणी सांगत नाही. आणि डेटा आपोआप परदेशातल्या सर्व्हरवर सिंक होतो, ते सेटिंग पहिल्याच दिवशी बंद करा, ब्लॉकचा डेटा गोपनीय असतो.

2023 च्या एमएमडीआर (खाणी-खनिज कायदा) दुरुस्तीने लिथियम अणुखनिजांच्या यादीतून निघाला, म्हणजे खासगी कंपन्यांना खुला झाला, जून 2024 मध्ये छत्तीसगडमधला कटघोरा ब्लॉक लिलावात 76.05 टक्के प्रीमियमवर (खनिजाच्या किमतीतला सरकारला द्यायचा वाटा) गेला, तेव्हापासून सेल्सवाल्यांचे फोन थांबत नाहीयेत. पीपीटीत जम्मू-काश्मीरमधल्या रियासीचे 59 लाख टन लिथियम खनिज हमखास असतं. आता तिथला लिथियम बॉक्साइटच्या पट्ट्यातल्या मातीतला, पेग्मटाइटवर तयार केलेलं कॅलिब्रेशन तिथे कसं चालेल ते विचारलं की साहेब म्हणतात, टेक्निकल टीमशी बोलून सांगतो. आणि रिपोर्टमध्ये रिसोर्स (जमिनीतला साठा) काढायला गनचे आकडे वापरू नका, तिथे लॅबचीच तपासणी हवी, गन फक्त कुठे खणायचं ते ठरवायला.

गनला पाचपैकी साडेचार, लायसन्सला दोन. घेणार असाल तर रॉ स्पेक्ट्रा, ऑफलाइन चालणारं लायसन्स आणि आपण बनवलेला कर्व्ह आपलाच राहील, हे तिन्ही पीओमध्ये (खरेदीच्या ऑर्डरमध्ये) लिहून घ्या, तोंडी आश्वासनावर जाऊ नका. आमचं रिन्यूअलचं कोटेशन आलंय, या अटी टाकून परत पाठवलंय, अजून उत्तर नाही.