‘बीडच आहे साहेब’: इंजिन भंगारात देताना पैसे कुठे जातात

गॅरेजमध्ये इंजिन उतरलेलं असतं, जागा अडलेली असते, मेकॅनिक म्हणतो, "भंगारवाला बोलावलाय, देऊन टाका." तो येतो, खिशातून चुंबक काढतो, सिलेंडरच्या आत लावतो. टक्कन चिकटतं. "बीडच आहे साहेब, लोखंडाचा भाव लागेल." बीड म्हणजे ओतीव लोखंड. मालक मान डोलावतो आणि तिथेच नागवला जातो.

ब्लॉक म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा. अनेक ॲल्युमिनियम ब्लॉकमध्ये सिलेंडरच्या आतून बिडाचे लायनर, म्हणजे नळ्या, बसवलेल्या असतात. चुंबक त्या नळ्यांनाच चिकटतं. फ्लायव्हील, बोल्ट, क्रँक यांनाही चिकटतं. ब्लॉकची बाहेरची भिंत खरवडून तिथे लावून बघा. मारुतीच्या के-सीरिजचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा आहे. १.३ मल्टिजेट डिझेलचा ब्लॉक खरोखरच बिडाचा, पण हेड (ब्लॉकच्या वरचं झाकण) ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियमचा भाव लोखंडाच्या तिपटीच्या वर असतो, त्यामुळे अख्खं इंजिन लोखंडात दिलं तर तोटा किती होतो ते बघा.

त्याहून मोठा घाव कॅटलिटिक कन्व्हर्टरवर, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर कमी विषारी करणाऱ्या डब्यावर, बसतो. "सायलेन्सर सडलाय, लोखंडात जाईल," असं म्हणून तो बाजूला ठेवला जातो. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा लेप असतो. बऱ्याच नव्या पेट्रोल गाड्यांत तो एक्झॉस्ट मॅनिफोल्डलाच जोडलेला असतो, म्हणजे इंजिनाबरोबर फुकट जातो. त्यावर कोरलेल्या नंबरचा फोटो काढा आणि दोन-तीन खरेदीदारांकडून भाव घ्या. किलोवर देऊ नका. जाळी फोडूही देऊ नका, चुरा सांडला की किंमत सांडली.

अल्टरनेटर आणि स्टार्टरमध्ये तांबं आहे, पण चालू असतील तर उकलत बसू नका. ऑटो इलेक्ट्रिशियन नगावर घेतो, ते तांब्यापेक्षा जास्त पडतं. एसी कॉम्प्रेसर, इंजेक्टर, टर्बो यांचंही तसंच. वायरिंग जाळून तांबं काढणं मात्र टाळा: धूर विषारी, आणि जळक्या तांब्याला भाव कमी.

आता काटा. समजा खरं वजन १०० किलो. काटा आठ टक्के मारलेला, म्हणजे ९२ दिसणार. त्यावर "तेल-मातीचा" दहा टक्के कडता कापला की हातात ८२.८ किलोचे पैसे. सतरा किलोंहून जास्त माल डोळ्यांदेखत गेला. काट्यावर वैधमापनशास्त्र विभागाचा (वजन-काटे तपासणारं सरकारी खातं) मुदतीतला शिक्का बघा, आणि शिक्का असला तरी २० लिटरचा पाण्याचा भरलेला जार काट्यावर ठेवा. २० किलो अधिक जारचं वजन दाखवलंच पाहिजे. कडत्याला जागा राहू नये म्हणून ऑइल आणि कूलंट आधीच काढा. छोट्या पेट्रोल इंजिनात तीन-साडेतीन लिटर ऑइल निघतं. ते गटारात नको, जळकं ऑइल अधिकृतपणे उचलणाऱ्याकडे जाऊ दे.

हे सगळं सुटं करण्याआधी एक काम करा: इंजिन जाम आहे का बघा. स्पार्क प्लग काढा, क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हाताने फिरवा. दोन पूर्ण फेरे सलग फिरलं तर "इंजिन बसलंय" हे भंगारवाल्याचं बोलणं खोटं. असं इंजिन किलोवर विकायचंच नाही. कॉम्प्रेशन (सिलेंडरमधला दाब) तपासून नगाचा भाव मागा, जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानांत त्याला गिऱ्हाईक असतं.

ब्लॉकवरच्या इंजिन नंबरचा फोटो ठेवा. पावतीवर तोच नंबर, वजन, तारीख, घेणाऱ्याची सही आणि सोबत त्याच्या ओळखपत्राची प्रत घ्या. तुमच्या नंबरचं इंजिन उद्या दुसऱ्या गाडीत सापडलं तर हाच कागद कामी येतो. गाडीत दुसरं इंजिन बसवलं असेल तर आरटीओत आरसीवर नोंद करून घ्या. अख्खी गाडीच मोडीत काढायची असेल तर फक्त नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रातच द्या आणि तिथलं सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट (गाडी जमा केल्याचा दाखला) हातात पडेपर्यंत थांबा.

आणि सौदा भंगाराचाच ठरत असेल, तर पैसे घेण्याआधी ब्लॉकला घणाने भोक पाडायचं म्हणा. वितळवायला नेणाऱ्याला त्याने काहीच फरक पडत नाही. जो लगेच "राहू द्या, राहू द्या" म्हणत हजार-दोन हजार वाढवायला लागतो, तो ते इंजिन चालू म्हणून विकणार आहे.