लांबच्या राइडला रस्ता दाखवायला काय न्यावं: रोजचा फोन, रग्ड फोन की जीपीएस यंत्र?

पोळा झाला की आमच्याकडे राइडची आखणी सुरू होते. पाऊस ओसरत आलेला असतो, मेळघाट हिरवागार असतो, कपाशी वेचायला अजून वेळ असतो. आणि दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "भाऊ, नेव्हिगेशनसाठी रग्ड फोन घेऊ का, की आहे त्याच फोनला चांगला होल्डर बसवू?" रग्ड म्हणजे आपटला, भिजला तरी टिकेल असा दणकट फोन. यंदा तिघांनी विचारलं, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

मी दारव्ह्याचा. गाडी ३५० सीसीची, एका सिलिंडरची. तिन्ही प्रकार वापरून झालेत. आधी तीन वर्षं रोजचाच फोन हँडलवर लावत होतो. मधे मित्राचं मोटारसायकलसाठीचं खास जीपीएस यंत्र दोन राइडला मागून नेलं. आणि आता दीड वर्ष रग्ड फोन वापरतोय. बॅटरी किती, पाण्यात किती वेळ टिकतो, हे सगळं खोक्यावर लिहिलेलंच असतं, त्यात शिरत नाही. 'मिल-एसटीडी-८१०' या आकड्याबद्दल मात्र एक सांगतो. हे अमेरिकी लष्कराचं चाचण्यांचं मानक आहे, पण त्यातल्या कोणत्या चाचण्या घ्यायच्या ते फोनवाली कंपनीच ठरवते. त्या आकड्यावर भाळून फोन घेऊ नका.

माझा निर्णय फोनच्या मजबुतीवर झाला नाही. तो झाला चार्जिंगच्या वायरवर.

रोजच्या फोनची स्क्रीन दिवसभर पूर्ण उजेडावर चालू ठेवली तर बॅटरी दुपारपर्यंत संपते. त्यात जंगलाच्या पट्ट्यात टॉवर शोधण्यात आणखी बॅटरी जाते. म्हणून मी हँडलवर १२ व्होल्टचं सॉकेट बसवून घेतलं आणि वायर लावली. तिथून माझी कटकट सुरू झाली. एका सिलिंडरच्या गाडीची थरथर होल्डरमध्ये येते, होल्डरमधून फोनमध्ये आणि फोनमधून त्या इवल्याशा पिनमध्ये. पिन हलते, चार्जिंग तुटतं, पुन्हा लागतं, पुन्हा तुटतं. दर वेळी फोन 'टुंग' करतो. वर्षभरात पोर्ट इतकं ढिलं झालं की घरीसुद्धा वायर एका ठरावीक कोनात धरावी लागायची.

पावसात तर वेगळाच प्रकार. ऑगस्टमध्ये परतवाड्याहून सेमाडोहला निघालो होतो. घटांगच्या आसपास भुरभुर सुरू झाली. फोन प्लास्टिकच्या पिशवीत होता, पण वायर आत जायला पिशवीला फट ठेवावी लागते आणि त्या फटीतून पाणी वायरवरून ओघळत थेट पोर्टमध्ये गेलं. स्क्रीनवर सूचना आली की पोर्टमध्ये ओलावा आहे, चार्जिंग बंद. फोनचं हे वागणं बरोबरच आहे, ओल्या पिनेतून वीज गेली तर पोर्ट जळेल. पण बॅटरी ११ टक्के होती. थोड्याच वेळात स्क्रीन काळी झाली. चहाच्या टपरीवर विचारलं, "दादा, सेमाडोहला हाच रस्ता का?" ते म्हणाले, "हाच हाय. फाट्यावर चिखलदऱ्याकडं नोका वळू." रस्ता सापडला. पण घाटात, पावसात, घरी फोन लावायलाही काही उरलेलं नाही, ही भावना मला पुन्हा नको होती. रस्ता दाखवणारा फोन आणि अडचणीत हाक मारायचा फोन एकच असणं चुकीचं आहे, हे त्या दिवशी पटलं.

उन्हाळ्यात हीच वायर वेगळ्या वाटेने त्रास देते. मे महिन्यात वणी-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो. अ‍ॅपल आपल्या फोनसाठी बाहेरचं तापमान ३५ अंशांपर्यंत असावं असं सांगते. म्हणजे आपल्या मे महिन्याची दुपार त्या हद्दीच्या दहा अंश पलीकडची. वरून ऊन, आतून स्क्रीनची आणि जीपीएसची उष्णता, त्यात चार्जिंगची भर. मग फोन स्वतःला वाचवायला आधी उजेड कमी करतो आणि नंतर चार्जिंग थांबवतो. नेमक्या दुपारी एकच्या उन्हात काळपट काचेत आपलाच दुपट्टा बांधलेला चेहरा दिसतो आणि नकाशा दिसत नाही. मी काही थर्मामीटर लावून मोजलेलं नाही. पण वायर काढली की अर्ध्या तासात उजेड परत यायचा, हे अनेकदा पाहिलं.

आणि कॅमेरा. अ‍ॅपलने २०२१ मध्ये जाहीर सूचनाच काढली होती की मोठ्या ताकदीच्या मोटारसायकल इंजिनांच्या तीव्र थरथरीने कॅमेऱ्याचं स्थिरीकरण आणि फोकस बिघडू शकतो, अशा गाडीच्या हँडलवर फोन लावू नका, मोपेड-स्कूटरवर लावलाच तर थरथर शोषणारा माउंट वापरा. फोटो हलू नये म्हणून आत तरंगती लेन्स असलेल्या कुठल्याही महागड्या फोनला हा धोका आहे. माझ्या बहिणीच्या फोनचा कॅमेरा एका लोणार राइडनंतर जवळचं काही धरेनासा झाला. फोन तिचा, हँडल माझं. ते मनाला फार लागलं.

आता रग्ड फोन. १० हजार एमएएचच्या वरची बॅटरी. पहिली मोठी परीक्षा भामरागडच्या राइडला झाली. सकाळी सहाला शंभर टक्के घेऊन निघालो. यवतमाळ, करंजी, मारेगाव, वणी, चंद्रपूर, गोंडपिपरी, आष्टी. स्क्रीन जवळपास अखंड चालू. संध्याकाळी आलापल्लीला पोचलो तेव्हा ४५ टक्के शिल्लक होती. वायरला दिवसभरात हात लावला नव्हता. पोर्टवरचं रबरी बूच घट्ट बंद, म्हणून पावसाची चिंता नाही. चार्जिंग नाही, म्हणून उन्हात तापणंही कमी. तापतो तो, पण स्क्रीनचा उजेड तितका कमी होत नाही. वणीच्या पुढे कोळशाच्या ट्रकांमागून आलो की काचेवर काळा थर बसतो. ओल्या फडक्याने पुसला तर तो पसरून अख्खी काच माखते. तिथल्या एका गावात हापशीखाली फोन धरला, मित्राने दोन दांडे मारले, शर्टाला पुसला आणि परत होल्डरमध्ये लावला. त्या क्षणी मला पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं.

मी त्यात सिमकार्ड घालत नाही. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, उपग्रहाचा संदेश फोन नुसता ऐकतो. निघण्याआधी घरच्या वायफायवर सगळ्या विदर्भाचा नकाशा उतरवून ठेवतो. सकाळी रोजच्या फोनचा हॉटस्पॉट पाच मिनिटं देतो, म्हणजे जागा पटकन सापडते, आणि मग विमान मोडवर टाकतो. आलापल्लीच्या पुढे जंगलात नेटवर्क येतं-जातं, पण निळा ठिपका चालत राहतो. रोजचा फोन जॅकेटच्या आतल्या खिशात, भरलेला, कोरडा.

तरी त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. वजन. माझा जवळपास ४०० ग्रॅमचा आहे. आरशाच्या दांड्यावर बसणाऱ्या स्वस्त होल्डरमध्ये तो खड्ड्यागणिक मान टाकतो. चार बोटांनी धरणारा, हँडलच्या नळीवर बसणारा धातूचाच होल्डर घ्या, आणि फोन सोबत नेऊन बसवून बघा, कारण जाडीमुळे अनेक होल्डरमध्ये हे फोन जातच नाहीत. भर उन्हात स्क्रीन महाग फोनइतकी उजळ नसते. मी वर छोटं छज्जं लावलंय, त्याने बरंच निभावतं. पोलराइज्ड गॉगल घालत असाल तर विकत घेताना तो घालूनच स्क्रीन पाहा, काही स्क्रीन त्यातून काळ्या दिसतात. कॅमेरा साधारण. आणि दुरुस्ती हा खरा प्रश्न आहे. बाहेरून मागवलेल्या फोनचा सुटा भाग यवतमाळला मिळत नाही, नागपूरलाही मिळेलच असं नाही.

मोटारसायकलच्या खास जीपीएस यंत्राबद्दल थोडक्यात. चालवायला ते सगळ्यात सुखाचं होतं. जाड हातमोज्यांनी चालतं, उन्हात स्वच्छ दिसतं, आणि ते ज्यात बसतं तो पाळणाच गाडीच्या बॅटरीवर जोडलेला, म्हणजे पिनेची भानगड नाही. पण किमतीत दोन-तीन रग्ड फोन येतात, आणि आपल्या गावखेड्यांची नावं शोधायला मला त्यात फार वेळ लागला. देशभर फिरणाऱ्याला ते परवडत असेल. वर्षाला चार-पाच राइड करणाऱ्याला घ्या म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तिन्हींपैकी काहीही घ्या, नकाशा चुकायचा तिथे चुकतोच, हेही ध्यानात ठेवा. कारंज्याहून मेहकरकडे जाताना कारचा पर्याय चालू राहिला तर नकाशा समृद्धी महामार्गावर नेतो, आणि तिथे दुचाकीला बंदी आहे. पावसाळ्यात पांदण रस्ता त्याला चांगल्या डांबरी रस्त्यासारखाच वाटतो. एकदा काळी माती मडगार्डमध्ये अशी भरली की चाक फिरेना, तुऱ्हाटीने उकरून काढावी लागली. आणि भामरागडच्या पर्लकोटा नदीला पूर आला आहे की नाही, हे आलापल्लीचा हॉटेलवालाच सांगेल.

वर्षातून एकदा चिखलदऱ्याला जाऊन येणार असाल तर दुसरा फोन घेऊ नका. रोजच्या फोनला थरथर शोषणारा माउंट लावा, पॉवर बँक खिशात ठेवा आणि चहाला थांबाल तेव्हाच चार्ज करा. जुना फोन घरात पडून असेल तर आधी तो नेऊन पाहा, निदान रस्त्याचा फोन आणि घरचा फोन वेगळे होतील. पण दिवसाला तीनशे किलोमीटर, पाऊस असो की ऊन, आणि महिन्या-दोन महिन्यांतून निघत असाल, तर मी रग्डकडेच झुकेन.

हँडलवरचं ते १२ व्होल्टचं सॉकेट अजून आहे. त्यावर आता चाकात हवा भरायचा छोटा पंप चालतो.