फूबार की देखणा प्लेअर? माझ्या फॅनने दिलेला निकाल

हार्डडिस्कवरची गाणी ऐकणारे आता थोडेच उरलोय, पण जे आहेत त्यांच्यासाठी. माझा लॅपटॉप जुना, दोन कोअर चार थ्रेडवाला (म्हणजे प्रोसेसर एका वेळी चार कामांच्या रांगा चालवतो), विंडोजवर. त्यावर वर्षभर दोन प्लेअर आलटून पालटून वापरले, एक फूबार२००० आणि दुसरा एक देखणा, मोठमोठी कव्हरं दाखवणारा. त्याचं नाव घेत नाही, कारण दोष माझ्या मशीनचाही असू शकतो.

देखण्याचं कौतुक आधी करतो. कव्हरं स्वतः शोधून आणतो, गाण्याबरोबर शब्द सरकतात, काही लावत बसावं लागत नाही. फूबार पहिल्यांदा उघडला तेव्हा मुलीने विचारलं, "बाबा, हे काय टॅली उघडलंय?" खोटं कशाला बोलू, दिसतो तसाच, आणि पहिली संध्याकाळ कॉलम लावण्यातच गेली.

पण रात्री सगळे झोपल्यावर बारीक आवाजात विलंबित लावलं की तानपुऱ्याच्या मागे लॅपटॉपच्या फॅनची घरघर सुरू. कोणता प्रोग्रॅम प्रोसेसर किती खातोय ते दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरमध्ये बघितलं तर देखणा २५ टक्क्यांना चिकटलेला. २५ म्हणजे काही फार नाही असं वाटतं, पण चार थ्रेडच्या मशीनवर त्याचा अर्थ जवळपास एक अख्खा थ्रेड सतत राबतोय, आणि नुसतं गाणं वाजवायला एवढं लागतच नाही हो. सहज विंडो मिनिमाइज केली तर आकडा धाडकन खाली! म्हणजे गाणं वाजवणं स्वस्त, खर्च सगळा रंगकामाचा, खाली नाचणारी ती वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाच्या लाटेचं चित्र, सारखी नव्याने काढत बसायचा. सेटिंगमध्ये जाऊन बंद केली, फॅन गप्प. आणि पुढच्या अपडेटला परत चालू. पुन्हा बंद केली, पुन्हा अपडेट, पुन्हा चालू. तिसऱ्यांदा झालं तेव्हा मी उठून लॅपटॉपच बंद केला.

फूबारमध्ये हलणारं काही हवं असेल तर ते आपणच नेऊन बसवायचं, मी बसवलं नाही, विषय संपला.

तोही धुतल्या तांदळाचा नाही म्हणा. सगळी गाणी सारख्या आवाजात वाजावीत म्हणून रिप्लेगेन स्कॅन लावलं की सगळे कोअर खातो, पण ते एकदाच आणि आपण सांगितलं म्हणून. मित्राने दिलेली नाट्यगीतं एपीई या प्रकारच्या दाबून लहान केलेल्या फायलींत होती, तीही सगळ्यात जास्त कॉम्प्रेशनवाली, तिथे फूबारचाही आकडा चढला. एपीईमध्ये फाईल बनवायला जेवढी मेहनत साधारण तेवढीच वाजवताना, फ्लॅक या दुसऱ्या प्रकारात तसं नसतं, कॉम्प्रेशनची लेव्हल ० असो की ८, वाजवायला हलकीच. फूबारमधूनच सगळी फ्लॅक करून टाकली, दोन्ही लॉसलेस, म्हणजे मूळ आवाज जसाच्या तसा ठेवणारे, असल्यामुळे आवाजात काही गेलं नाही, जागा मात्र थोडी जास्त लागली.

आणि प्लेअर बदलायच्या आधी टास्क मॅनेजरमध्ये ऑडिओडीजी (audiodg) नावाची विंडोजची आवाज सांभाळणारी प्रोसेस बघा. आकडा तिचा मोठा असेल तर प्लेअर बिचारा निर्दोष, साउंड सेटिंगमधली एन्हान्समेंट, म्हणजे आवाजावर होणारी जादाची प्रक्रिया, बंद करून बघा.

नवीन आठ कोअरवालं मशीन असेल तर देखणाच घ्या कदाचित, मुलीने तिच्या लॅपटॉपवर तोच ठेवलाय आणि फॅनचा आवाज मला तरी कधी आला नाही. माझ्याकडे मात्र टॅलीच चालू आहे.