फुल्मारचं पोट: एका पक्ष्यात दोन जठरं

कलेजी-पेटा साफ करताना पेट्याच्या आतलं पिवळसर, चिवट अस्तर सोलून काढतो ना, तेच उत्तर अटलांटिकमधल्या फुल्मार या समुद्रपक्ष्यातही असतं. पण त्याचा पेटा, म्हणजे स्नायूंचं जठर, अगदीच छोटा. खरा पसारा त्याच्या आधीच्या ग्रंथीजठराचा: पातळ भिंतीची, ताणली जाणारी मोठी पिशवी. तिच्या अस्तराखाली ग्रंथी दाटलेल्या असतात. आपल्या जठरात आम्ल आणि पेप्सिनचं (प्रथिनं पचवणाऱ्या विकराचं) पूर्वरूप वेगवेगळ्या पेशी बनवतात. पक्ष्यांत दोन्ही कामं एकच पेशी करते. मला हे फार विलक्षण वाटतं. भक्ष्यातलं तेलही इथेच साठतं. ते पिल्लांना भरवलं जातं आणि शत्रूवर पिचकारीसारखं उडवलंही जातं.

पेट्यात मात्र जाड स्नायू आणि ग्रंथींच्या स्रावातून घट्ट झालेलं कॉइलिन नावाच्या पदार्थाचं कठीण अस्तर. काम दळण्याचं.

दोहोंमधली वाट अरुंद. त्यामुळे पेट्यात गेलेलं प्लॅस्टिक सहसा उलटून बाहेर येत नाही, झिजेपर्यंत तिथेच अडकतं. म्हणूनच समुद्रातल्या प्लॅस्टिकचा अंदाज घ्यायला उत्तर समुद्रात किनाऱ्याला लागलेल्या मृत फुल्मारांची पोटं तपासतात. उद्दिष्ट असं, की 0.1 ग्रॅमहून जास्त प्लॅस्टिक 10 टक्क्यांपेक्षा कमी पक्ष्यांत सापडावं.