मुंबई, दानांग की चियांग माई? घरून काम करणाऱ्यांसाठी तुलना

काम घरूनच करायचंय, तर मुंबईचं भाडं कशाला भरायचं? अंधेरी-पवईत भाड्याने राहणाऱ्या मुलामुलींचा हा प्रश्न रास्त आहे. दलालीत महिन्याचं भाडं जातं, वर डिपॉझिट, आणि अकरा महिन्यांचा करार संपला की पुन्हा तीच वणवण. व्हिएतनामच्या दानांगमध्ये किंवा थायलंडच्या चियांग माईत त्याहून कमी भाड्यात फर्निचरसकट स्वतंत्र खोली मिळू शकते, तीही महिन्याच्या बोलीवर.

पण डोंबिवलीत किंवा गिरगावात आईवडिलांकडे राहत असाल, तर हे गणित तुमचं नाही. आज भाडं नाही, डबा घरचा आहे. पगार रुपयांत असताना बाहेर जाऊन तुमची बचत वाढणार नाही. जग बघायला जरूर जा, फक्त तो खर्च आहे असं समजून जा.

भाड्यापेक्षा मला व्हिसाचा मुद्दा मोठा वाटतो. व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑगस्ट २०२३ पासून ९० दिवसांचा झाला. एकदाच प्रवेश हवा असेल तर २५ डॉलर, अनेकदा हवा असेल तर ५०. स्वस्त आहे, पण लॅपटॉपवर परदेशी काम करणाऱ्यांसाठी वेगळा व्हिसा तिथे नाही. दर तीन महिन्यांनी सीमेबाहेर जाऊन नव्या व्हिसावर परत यायचं, तर विमान-बसचं भाडं आणि बुडालेले कामाचे दिवस हिशोबात धरा. शिवाय पर्यटकाच्या व्हिसावर राहून काम करण्याची टांगती तलवार कायम.

थायलंडने जुलै २०२४ मध्ये डीटीव्ही, म्हणजे डेस्टिनेशन थायलंड व्हिसा, आणला. तो ५ वर्षं चालतो, एका खेपेला १८० दिवस राहता येतं आणि थायलंडबाहेरच्या कंपनीचं काम उघडपणे करता येतं. मात्र खात्यात ५ लाख बात (थायलंडचं चलन) दाखवावे लागतात, म्हणजे आपले बारा लाखांहून जास्त. पहिल्या नोकरीतल्या ज्या मुलांना स्वस्ताईची खरी गरज आहे, त्यांनाच हे दार बंद, याचं मला वाईट वाटतं. एका वर्षात १८० दिवस भरले की तिथले कर-रहिवासी ठरता, म्हणून सीएला आधी विचारा.

वेळेचा त्रास फारसा नाही. दोन्ही देश आपल्यापुढे दीड तास, म्हणजे मुंबईची दहाची मीटिंग तिथे साडेअकराला. क्लायंट अमेरिकेतला असेल तर मात्र जागरण दीड तासाने वाढतं. चियांग माईत फेब्रुवारी ते एप्रिल शेतं-जंगलं जळाल्याचा धूर असतो, दम्याच्या माणसाने त्या दिवसांत जाऊच नये. दानांगला ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस झोडपतो. शाकाहाऱ्यांनी दोन्हीकडे माशाच्या सॉसबद्दल विचारूनच खावं.

आजारपणाचं काय, हे निघताना कोणी विचारत नाही. कंपनीचा मेडिक्लेम बहुधा भारतापुरताच असतो, त्यामुळे वेगळा विमा घ्यावा लागतो. आणि इथे आईवडिलांपैकी कोणाला अचानक दाखल करावं लागलं, तर ऐन वेळचं तिकीट काढण्याएवढी रक्कम बाजूला हवीच.

मुंबईत भाड्याने राहणाऱ्या, खात्यात तेवढी शिल्लक असलेल्या माणसाला मी चियांग माई सुचवेन, आणि धुराचे महिने घरी येऊन काढायला सांगेन. शिल्लक नसेल तर दानांगला एका व्हिसापुरतं राहून बघा, पण कामावरून सुट्टी घेऊन. परदेशातून काम करायला कंपनीची परवानगी मात्र लेखी घ्या. वर्क फ्रॉम होम म्हणजे कुठूनही काम असं बऱ्याच कंपन्या मानत नाहीत. ती परवानगी हातात पडेपर्यंत इथल्या खोलीची नोटीस देऊ नका.