तर, तरच आणि तरी: तर्कशास्त्राच्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

सोपाधिक म्हणजे ‘जर-तर’ची विधाने आणि विधान केव्हा सत्य, केव्हा असत्य हे ओळीओळीने दाखवणारी सत्यता कोष्टके एवढ्याच विषयाला वाहिलेला एक मराठी ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. प्रोग्रॅममध्ये अटी लिहिताना माझ्याकडून वारंवार चुका होत असत, म्हणून मी त्याकडे वळलो होतो. प्रोग्रॅममधला ‘इफ’ हा आदेश असल्यामुळे त्याला सत्य-असत्य असे काही नसते, हे पहिल्याच पाठात कळले आणि थोडे ओशाळल्यासारखे झाले. कोष्टक भरायला हा अभ्यासक्रम फार चांगले शिकवतो, पण बोलीतले वाक्य कोष्टकापर्यंत नेण्याचे काम मात्र तो बरेचसे विद्यार्थ्यावरच सोडून देतो.

पूर्वांग, म्हणजे ‘जर’चा भाग, असत्य असताना संपूर्ण ‘जर-तर’ विधान सत्य का मानायचे, या प्रश्नावर बहुतेक जण अडतात. ‘व्याख्याच तशी आहे’ असे सांगून मोकळे होण्याऐवजी येथे ‘संख्येला 6 ने भाग जात असेल, तर तिला 3 ने भाग जातो’ हे विधान घेतले आहे, आणि ते कोणालाच नाकारता येत नाही. त्यात 12 घातले की दोन्ही अंगे सत्य होतात, 9 घातले की पूर्वांग असत्य व उत्तरांग (‘तर’चा भाग) सत्य होते, आणि 10 घातले की दोन्ही असत्य होतात. विधान सर्व संख्यांसाठी खरे असेल, तर या तिन्ही ओळींत त्याला सत्यच म्हणावे लागते. पूर्वांग सत्य आणि उत्तरांग असत्य ही जी एकच ओळ विधानाला खोटे पाडू शकली असती, तिच्यात बसणारी संख्याच सापडत नाही. हे मी कागदावर स्वतः करून पाहिले, आणि असत्य पूर्वांगाच्या ओळींतली, इतकी वर्षे पाठ केलेली ती दोन ‘स’ (सत्य) प्रथमच पटली. याच पाठात जाता जाता सांगितले आहे की ही व्याख्या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ मेगाराच्या फिलोची असून ती त्याचा गुरू डायोडोरस क्रोनस यालाही मान्य नव्हती. कोणते सोपाधिक विधान खरे यावर छपरावरचे कावळेसुद्धा काव-काव करत आहेत, अशी कोटी कवी कॅलिमॅकसने तेव्हाच केली होती.

कोष्टकांचा सराव नेटका आहे. दोन घटक विधानांना 4 ओळी, तिनांना 8, पाचांना 32 हा हिशेब लवकर अंगवळणी पडतो. मोबाइलवर मात्र 8 ओळींचे कोष्टक सरकवताना स्तंभांची शीर्षके दिसेनाशी होतात, त्यामुळे हा भाग संगणकावरच करावा.

खरी तक्रार भाषेबद्दल आहे. ‘पाऊस पडला तर सामना रद्द होईल’ आणि ‘पाऊस पडला तरच सामना रद्द होईल’ या दोन वाक्यांत एका ‘च’मुळे ‘जर’कडून ‘तर’कडे जाणाऱ्या बाणाची दिशा उलटते: पहिल्यानुसार पाऊस न पडताही अन्य कारणाने सामना रद्द होऊ शकतो, तर दुसऱ्यानुसार सामना रद्द झाला असेल तर पाऊस पडलेला असलाच पाहिजे. ‘पाऊस पडला तरी सामना होईल’ हे वाक्य दिसायला यांचेच भावंड आहे, पण त्यात पावसाची अट उरतच नाही. यावर एक स्वतंत्र पाठ हवा होता. येथे जेमतेम एक परिच्छेद आहे, आणि तोही ‘तरी’चा उल्लेख करत नाही.

ही उणीव पुढे उत्तरसूचीत उमटते. ‘प्रवेशिकेशिवाय आत सोडले जाणार नाही’ या वाक्याचे रूपांतर मी ‘आत सोडले असेल, तर प्रवेशिका आहे’ असे केले आणि ते चूक ठरले. बरोबर उत्तर म्हणून ‘प्रवेशिका असेल, तर आत सोडले जाईल’ असे दाखवण्यात आले. हा मूळ विधानाचा व्यत्यास, म्हणजे दोन्ही अंगांची अदलाबदल, आहे, आणि व्यत्यास मूळ विधानाशी सममूल्य नसतो हे याच अभ्यासक्रमाने तीन पाठ आधी कोष्टक मांडून दाखवले होते. प्रवेशिका हातात आहे, पण सभागृह भरल्यामुळे दार बंद केले आहे, अशी स्थिती घ्या: सूचनेचा भंग कोठेच होत नाही, उत्तरसूचीतले विधान मात्र असत्य ठरते. मी नेमकी ही ओळ संयोजकांना लिहून पाठवली. आठवडाभरात तो प्रश्न दुरुस्त झाला, आभाराचे दोन शब्दही आले. अंतिम चाचणीतल्या ‘तरच’च्या प्रश्नाचे उत्तर मात्र अजूनही उलटेच आहे, आणि त्याचे दोन गुण माझ्या निकालपत्रात वजा दिसतात.