जोन सदरलंडचा 'द आर्ट ऑफ द प्रिमा डोना': हेडफोन लावूनच ऐका
ऑपेराची भाषा कळत नसली तरी या ऑस्ट्रेलियन ऑपेरा-गायिकेचा हा अल्बम घ्याच. डेक्का कंपनीचं १९६० चं रेकॉर्डिंग आहे, लंडनच्या किंग्जवे हॉलमधलं, एकूण १६ आरिया, म्हणजे एकट्या गायकाने म्हणायची गाणी. पहिलाच संगीतकार आर्नचा 'द सोल्जर टायर्ड' लागतो आणि तिथेच माणूस गार होतो, इतक्या वेगात ताना चालल्यात आणि तरी एकेक सूर सुटा, दाणेदार, कुठे घसरणं नाही की ओढाताण नाही.

आणि तिचा ट्रिल! ट्रिल म्हणजे शेजारशेजारचे दोन सूर झपाझप आलटून पालटून घ्यायचे, बऱ्याच जणींचा नुसता आवाज थरथरल्यासारखा वाटतो पण हिचे दोन्ही सूर स्वच्छ वेगळे ऐकू येतात, मी तेवढाच तुकडा मागे घेऊन घेऊन ऐकलाय. हँडलच्या 'लेट द ब्राइट सेराफिम'मध्ये समोर ट्रम्पेट आहे, त्यालाही तोडीस तोड. वर तारसप्तकात गेली की आवाज बारीक होत नाही, उलट अजून भरतो.

शब्द कधीकधी पुसट येतात, ते खटकतं. पण यातला 'कास्टा दिवा' हा आरिया रात्री शांतपणे ऐका, श्वास कुठे घेतला ते शोधून दाखवा.